एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींमधील हृदयविकार व त्याचा प्रतिबंध : एक विवेचनात्मक अभ्यास

सारांश :

एच.आय.व्ही. संसर्ग हा एकेकाळी काही वर्षांतच मृत्यूकडे नेणारा आजार समजला जात होता. विषाणूरोधक उपचारांमुळे तो आता दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येणारा आजार झाला आहे. या उपचारांमुळे आयुष्य वाढलेल्या व्यक्तींपुढे मात्र हृदयविकाराचे नवे संकट उभे राहिले आहे. सामान्य व्यक्तींच्या तुलनेत त्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात या वाढीव धोक्याची कारणे, प्रतिबंधाचे सिद्ध झालेले मार्ग आणि त्यांच्या अंमलबजावणीतील अडचणी यांचे भारताच्या व विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात विवेचन केले आहे. ए.आर.टी. केंद्र आणि रक्तदाब-मधुमेहाचा दवाखाना या दोन व्यवस्थांची सांगड घातल्याशिवाय हा प्रतिबंध साध्य होणार नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एच.आय.व्ही., ए.आर.टी., हृदयविकार, दाह, स्टॅटिन, तंबाखू, गोपनीयता, प्रतिबंध.

प्रस्तावना :

भारतात एच.आय.व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास शहरात झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांतून हा संसर्ग उघडकीस आला. पुढे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नॅको, स्थापन झाली. त्या काळात या आजारावर सामान्य रुग्णाला परवडेल असा उपचार उपलब्ध नव्हता. क्षयरोग, बुरशीचे संसर्ग, सततचे जुलाब आणि झपाट्याने घटणारे वजन अशा अवस्थांतून रुग्ण मृत्यूकडे जात असे. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रभावी ठरला आणि पाश्चात्त्य देशांत मृत्यूंचे प्रमाण वेगाने घटले. भारतात १ एप्रिल २००४ रोजी शासनाने मोफत ए.आर.टी. उपचार सुरू केले. ज्या सहा अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांपासून या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

त्या वेळी तिशीत असलेली आणि नियमित गोळ्या घेणारी व्यक्ती आज पन्नाशीत आहे. तिची मुले शिकून कामाला लागली आहेत. रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबलेला आहे. ज्या आजाराने आपण मरणार, अशी तिची व तिच्या कुटुंबीयांची खात्री होती, त्या आजाराने ती मेली नाही. अशी व्यक्ती एके दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने दगावली, तर वीस वर्षांच्या औषधोपचाराचे, समुपदेशनाचे आणि तिच्या स्वतःच्या चिकाटीचे फळ एका टाळता येण्याजोग्या कारणाने हातचे जाते. म्हणूनच एच.आय.व्ही. आणि हृदयविकार यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणे आवश्यक ठरते.

नॅकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींची संख्या २५ लाखांहून अधिक आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४ लाख आहे. प्रस्तुत विषय या अर्थाने महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा धोका वाढण्याची कारणे समजून घेणे.

२) प्रतिबंधाच्या उपायांचा उपलब्ध संशोधनाच्या आधारे आढावा घेणे.

३) उपायांच्या अंमलबजावणीत येणाऱ्या सामाजिक व व्यवस्थात्मक अडचणींचे विवेचन करणे.

४) या कार्यात महाविद्यालयांची भूमिका स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित वैद्यकीय संशोधन, शासकीय कार्यक्रमांची माहिती व कायदा या दुय्यम साधनांवर आधारित आहे. वैद्यकीय शाखेबाहेरील प्राध्यापकांनाही विषय समजावा, या हेतूने तांत्रिक संज्ञा शक्य तेथे सोप्या शब्दांत मांडल्या आहेत.

विषय विवेचन :

१. बदललेले रोगचित्र

एच.आय.व्ही. रुग्णांना पूर्वीही हृदयाचे आजार होत असत. परंतु त्यांचे स्वरूप वेगळे होते. हृदयावरणाचा क्षयरोग, हृदयाच्या स्नायूंना येणारी दुर्बलता हे त्यांतील प्रमुख प्रकार होते. रोगप्रतिकारशक्ती ढासळल्यानंतरच्या अवस्थेत ते आढळत. उपचारांचा प्रसार झाल्यानंतर हे प्रकार मागे पडले आणि हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्या अरुंद होणे, म्हणजे सर्वसामान्यांना ठाऊक असलेला हृदयविकार, पुढे आला. अमेरिकेतील सुमारे ८२ हजार माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी घटक जमेस धरूनही एच.आय.व्ही. असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ दीडपट असल्याचे त्यात आढळले. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा एकूण धोका दुपटीहून थोडा अधिक दिसला.

भारतीयांच्या बाबतीत या धोक्यात आणखी एक भर पडते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाच्या माहितीचे पुढे विश्लेषण झाले. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतरत्र ते ५९ वर्षे असल्याचे त्यातून दिसून आले. याचा अर्थ असा की, एच.आय.व्ही. नसतानाही येथील माणसाला हृदयविकार लवकर गाठतो. अशा समाजात एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तीने चाळिशीतच सावध होणे क्रमप्राप्त आहे.

२. धोका का वाढतो?

अ) विषाणू व सततचा दाह : एच.आय.व्ही. हा शरीराच्या संरक्षक पेशींवर, विशेषतः सी.डी.४ पेशींवर हल्ला करतो. संसर्गाच्या सुरुवातीच्या काळातच आतड्याच्या अस्तरातील अशा पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. त्यामुळे आतड्याची भिंत पूर्वीइतकी अभेद्य राहत नाही आणि तेथील जिवाणूंचे सूक्ष्म अंश रक्तात उतरू लागतात. रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना शत्रू मानून सतत जागी राहते. यालाच दीर्घकालीन दाह असे म्हणतात. औषधांमुळे रक्तातील विषाणू दबला तरी हा दाह पूर्णपणे शमत नाही. रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर या दाहाने दुखावते, तेथे कोलेस्टेरॉल साचते आणि त्या थरावर गुठळी होऊन रक्तप्रवाह थांबण्याची शक्यता वाढते. राखेखाली निखारा धुमसत राहावा तशी ही अवस्था असते. वरून काहीच जाणवत नसल्याने रुग्ण निर्धास्त राहतो.

आ) औषधांचे परिणाम : सुरुवातीच्या काळातील काही औषधांनी शरीरातील चरबीचे संतुलन बिघडवले. भारतीय कार्यक्रमात प्रारंभी वापरल्या गेलेल्या स्टॅव्ह्युडिन या औषधामुळे अनेक रुग्णांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले व पोटावर मात्र चरबी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि पुढे भारतीय कार्यक्रमातूनही ते वगळण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डी.ए.डी.' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासण्यात आली. एकत्रित उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत दरवर्षी झटक्याचा सापेक्ष धोका २६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. याच अभ्यासगटाने २००८ मध्ये अबॅकॅव्हिर या औषधाचा झटक्याशी असलेला संबंध पुढे आणला. म्हणूनच हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या रुग्णाला शक्य असल्यास हे औषध टाळण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

भारतात सध्या प्रामुख्याने दिली जाणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने जुन्या औषधांपेक्षा सौम्य आहे. तथापि डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांचे वजन वाढत असल्याचे दक्षिण आफ्रिकेसह अनेक ठिकाणी दिसून आले आहे. त्यामुळे औषध चांगले असले, तरी वजनावर लक्ष ठेवण्याची गरज राहतेच.

इ) नेहमीचे घटक : तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, मद्यपान व मानसिक ताण हे घटक एच.आय.व्ही. असलेल्या व्यक्तींनाही इतरांप्रमाणेच लागू पडतात. वरील दोन कारणांमध्ये यांची भर पडली की धोका अधिकच वाढतो. त्यातही हेच घटक बदलणे व्यक्तीच्या आणि दवाखान्याच्या सर्वाधिक आवाक्यात असल्यामुळे प्रतिबंधाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मोठे आहे.

३. उपचार थांबवू नये : एका अभ्यासाचा धडा

औषधांमुळे धोका वाढतो, असे वाचून एखाद्याच्या मनात औषधे बंद करण्याचा विचार येणे शक्य आहे. हा विचार किती घातक आहे, हे 'स्मार्ट' या अभ्यासाने दाखवून दिले. ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण त्यात सहभागी झाले होते. एका गटाने उपचार अखंड चालू ठेवले. दुसऱ्या गटाने सी.डी.४ पेशी ३५० पेक्षा जास्त असताना औषधे थांबवली आणि त्या २५० च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केली. औषधांचा वापर कमी झाला म्हणजे हृदयाचा त्रासही कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात औषधे थांबवणाऱ्या गटात मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदयविकाराच्या घटनाही अधिक घडल्या. त्यामुळे जानेवारी २००६ मध्ये हा प्रयोग थांबवावा लागला. विषाणूला मोकळे सोडल्यास दाह उसळतो आणि त्याची किंमत हृदयाला मोजावी लागते, हा यातून मिळालेला धडा होय.

यानंतर उपचार लवकर सुरू करण्याकडे जगाचा कल वाढला. भारतात प्रारंभी सी.डी.४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच औषधे मिळत. २०१७ पासून मात्र निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीला, सी.डी.४ संख्या कितीही असली तरी, उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हृदयविकाराच्या प्रतिबंधाची पहिली पायरी म्हणजे ए.आर.टी.ची रोजची गोळी न चुकवणे, हे यावरून स्पष्ट होते.

४. प्रतिबंधाचे मार्ग

अ) तंबाखूपासून मुक्ती : डेन्मार्कमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चांगला उपचार घेणाऱ्या एच.आय.व्ही. रुग्णांचा त्यात विचार केला होता. ३५ वर्षे वयाच्या रुग्णाच्या आयुष्यातील सुमारे ५ वर्षे एच.आय.व्ही.मुळे, तर १२ हून अधिक वर्षे धूम्रपानामुळे कमी होत असल्याचे आढळले. विषाणूपेक्षा विडी-सिगारेट अधिक आयुष्य हिरावून घेते, असा याचा सरळ अर्थ होतो.

महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचे सेवन धूम्रपानाहून अधिक आहे. चुना मळून दाढेखाली धरलेली तंबाखू, मावा, गुटखा आणि स्त्रियांमधील मिश्री ही त्याची रूपे होत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही सवय सुटलेली नाही. मिश्री लावणे याला अनेक घरांत व्यसन न मानता दात घासण्याचा भाग समजले जाते. त्यामुळे 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो आणि तंबाखूची नोंदच होत नाही. निकोटिन कोणत्याही मार्गाने शरीरात गेले तरी हृदयाची गती व रक्तदाब वाढवते. यास्तव समुपदेशकाने विडी, तंबाखू, मावा व मिश्री यांची नावे घेऊन स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक आहे.

आ) रक्तदाब व साखर : उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. तो यंत्र लावून मोजल्याशिवाय कळत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना ए.आर.टी. केंद्रातून एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. रोजंदारीवरील माणसाची खेप वाचावी, या दृष्टीने ही सोय अत्यंत उपयुक्त आहे. परंतु केंद्रावरील भेटी कमी झाल्यामुळे प्रत्येक भेटीचे मोल वाढते. त्या भेटीत वजन, कमरेचा घेर व रक्तदाब मोजणे आणि ठरावीक काळाने रक्तातील साखर व चरबी तपासणे अगत्याचे ठरते. आशियाई लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावा, असे मानले जाते. शिंप्याच्या मोजपट्टीनेही ही तपासणी होऊ शकते.

इ) आहार व वजन : या विषयाला एक सामाजिक पदर आहे. उपचारापूर्वीच्या काळात वजन घटणे हे एड्सचे उघड लक्षण होते. 'अंगावर मांस चढले पाहिजे' हाच तेव्हा रुग्णाला मिळणारा सल्ला होता आणि त्या परिस्थितीत तो योग्यही होता. बारीक होणाऱ्या माणसाकडे गावात संशयाने पाहिले जाई. त्यामुळे अंगाने भरणे हे रुग्णाला केवळ प्रकृती सुधारल्याचे चिन्ह वाटत नाही, तर लोकांच्या नजरेपासून मिळालेले संरक्षणही वाटते. अशा व्यक्तीला वजन कमी करण्यास सांगताना तिच्या मनातील ही भीती ओळखणे आवश्यक आहे. आजाराने वजन घटणे आणि ठरवून पोट कमी करणे यांतील फरक तिला समजावून द्यावा लागतो.

आहारातील बदल रोजच्या ताटातच शोधावयास हवेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, ताक व हंगामी फळे हे महाराष्ट्रीय अन्न हृदयास अनुकूल आहे. लोणचे, पापड, खारवलेले मासे, फरसाण व वरून घेतलेले मीठ यांवर मात्र नियंत्रण हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ जावे. वडे-भजी तळण्यासाठी तेच तेल पुन्हा पुन्हा वापरणे टाळावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भरभर चालणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम होय.

ई) स्टॅटिन औषधे : एच.आय.व्ही. रुग्णांतील हृदयविकाराच्या प्रतिबंधासंबंधीचे अलीकडील सर्वांत महत्त्वाचे संशोधन म्हणजे 'रिप्रिव्ह' हा अभ्यास. त्याचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाचे ७,७६९ रुग्ण त्यात सहभागी होते. हे सर्व ए.आर.टी. घेत होते आणि प्रचलित गणितानुसार त्यांचा हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यम होता. म्हणजेच एरवी ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा दिली गेली नसती, अशा व्यक्ती यात होत्या. एका गटाला रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन व दुसऱ्या गटाला औषध नसलेली तशीच गोळी देण्यात आली. सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर औषध घेणाऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. फायदा स्पष्ट दिसल्याने अभ्यास नियोजित वेळेपूर्वीच थांबवण्यात आला.

टक्केवारीचा अर्थ प्रत्यक्ष संख्येत पाहणे उद्बोधक ठरते. औषध नसलेल्या गटात दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला ७.३२, तर औषध घेणाऱ्या गटात ४.८१ घटना घडल्या. हेच प्रमाण पाच वर्षांसाठी मांडले, तर १,००० व्यक्तींमध्ये सुमारे ३७ ऐवजी २४ घटना घडतात, म्हणजे १२ ते १३ घटना टळतात. दुसऱ्या बाजूस औषध घेणाऱ्यांत मधुमेहाचे नवे निदान ५.३ टक्के व्यक्तींना, तर न घेणाऱ्यांत ४.० टक्के व्यक्तींना झाले. स्नायूंची दुखणीही थोडी अधिक, म्हणजे १.४ टक्क्यांऐवजी २.३ टक्के आढळली. हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात आणि औषधाने आटोक्यात ठेवता येणारी साखर यांचे वजन सारखे नाही, हे खरे. तथापि आधीच साखर काठावर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा हिशेब डॉक्टरांनी त्याच्यासमोर मांडूनच निर्णय घेतला पाहिजे.

या निष्कर्षांनंतर २०२४ मध्ये अमेरिकेतील शासकीय मार्गदर्शक सूचनांत ४० ते ७५ वयोगटातील, मध्यम व त्याहून अधिक धोका असलेल्या एच.आय.व्ही. रुग्णांना स्टॅटिन देण्याची शिफारस करण्यात आली. धोका कमी असलेल्यांच्या बाबतीतही औषधाकडे कल दर्शवण्यात आला. धोका मोजण्याचे प्रचलित तक्ते वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह इत्यादींवर आधारलेले असून त्यांत एच.आय.व्ही.ची गणना होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

५. औषधांचा परस्परसंबंध

स्टॅटिन उपयुक्त असले तरी कोणतेही स्टॅटिन कोणत्याही ए.आर.टी.बरोबर चालत नाही. दुसऱ्या टप्प्यातील उपचारात रिटोनॅव्हिरयुक्त औषधे दिली जातात. रिटोनॅव्हिर यकृतातील औषध पचवणाऱ्या द्रव्याचे कार्य रोखते. त्यामुळे सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन सोबत घेतल्यास त्यांचे रक्तातील प्रमाण बेसुमार वाढून स्नायू विरघळणे व मूत्रपिंड निकामी होणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. ही दोन औषधे अशा रुग्णांना पूर्णतः निषिद्ध आहेत. अॅटॉर्व्हास्टॅटिन देता येते, परंतु मात्रा मर्यादित ठेवावी लागते. अॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची आणि झटक्यानंतर दिली जाणारी रक्त पातळ ठेवणारी काही औषधेही रिटोनॅव्हिरमुळे प्रभावित होतात. डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर स्टॅटिनची अशी अडचण येत नाही. मात्र मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे प्रमाण त्यामुळे वाढते. म्हणून मेटफॉर्मिनची मात्रा साधारणतः दिवसाला १,००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवली जाते.

हे सर्व धोके टाळण्यासाठी एक गोष्ट अत्यावश्यक आहे. हृदयावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण कोणत्या ए.आर.टी. गोळ्या घेतो, हे माहीत असले पाहिजे. या प्रश्नाचे मूळ प्रत्यक्षात औषधशास्त्रापेक्षा समाजात अधिक आहे.

६. गोपनीयता आणि दोन दवाखाने

एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तीने आपला संसर्ग वर्षानुवर्षे लपवलेला असतो. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून अनेक जण जवळचे केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यातील केंद्रातून औषधे घेणे पसंत करतात. अशी व्यक्ती छातीत दुखू लागल्यावर गावातील खासगी दवाखान्यात जाते, तेव्हा ती आपल्या रोजच्या गोळीविषयी बोलेलच असे नाही. संसर्ग कळल्यावर डॉक्टर शस्त्रक्रियेस किंवा रक्तवाहिनीत जाळी बसवण्यास टाळाटाळ करतील, अशी भीती तिच्या मनात असते. उलटपक्षी ए.आर.टी. केंद्रात विषाणूभार व सी.डी.४ यांची चौकशी होते. परंतु घरात कोणाला लहान वयात झटका आला होता का, हे विचारायचे राहून जाऊ शकते. एका दारात विषाणूची विचारपूस होते, दुसऱ्या दारात हृदयाची. दोन्ही एकाच माणसाचे आहेत, हे मात्र निसटून जाते.

या संदर्भात एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ महत्त्वाचा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संसर्गाच्या कारणावरून आरोग्यसेवा नाकारणे वा भेदभाव करणे यास हा कायदा मनाई करतो आणि व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालतो. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा एका उपचारकाने दुसऱ्या उपचारकास माहिती देण्याची तरतूदही त्यात आहे. गोपनीयता ही रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. तिच्यापायी चुकीचे औषध दिले जाऊ नये, हा विचार या तरतुदीत दिसतो. रुग्णाला आपल्या या हक्कांची माहिती असेल, तरच तो दुसऱ्या डॉक्टरांसमोर विश्वासाने बोलू शकेल.

शासनाच्या दोन्ही व्यवस्था महाराष्ट्रात अस्तित्वात आहेत. एकीकडे ए.आर.टी. केंद्रांचे जाळे आहे. दुसरीकडे असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू असून त्यात ३० वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व साखर तपासली जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांपैकी होता. म्हणजे नवी इमारत उभारण्याची गरज नाही. असलेल्या दोन खोल्यांमधील दार उघडण्याची गरज आहे.

७. स्त्रियांचा प्रश्न

भारतातील एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. त्यांपैकी अनेकींना विवाहातून संसर्ग झाला आणि पतीच्या निधनानंतर कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, या समजामुळे त्यांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष होते. बॉस्टन येथील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित २००७ च्या एका अभ्यासात एच.आय.व्ही.मुळे झटक्याच्या धोक्यात होणारी सापेक्ष वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळली होती. स्त्रियांमध्ये छातीत कळ येण्याबरोबरच धाप, मळमळ, अतिशय थकवा, जबड्यात किंवा पाठीत दुखणे अशी लक्षणेही दिसतात. 'पित्त झाले असेल' किंवा 'कामाचा शीण असेल' असे म्हणून ती अंगावर काढली जातात. अशा वेळी विलंब न करता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलावणे, ही माहिती घरातील प्रत्येकास असली पाहिजे.

८. महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना व रेड रिबन क्लब यांच्या माध्यमातून १ डिसेंबर रोजी जागतिक एड्स दिन साजरा होतो. प्रभातफेरी, पथनाट्य, भित्तिपत्रके यांतून संसर्ग कसा होतो व कसा होत नाही, हे सांगितले जाते. हे कार्य निश्चितच मोलाचे आहे. परंतु त्यातील संदेश बहुतांशी संसर्ग टाळण्यापुरता मर्यादित राहतो. संसर्गासह वीस-पंचवीस वर्षे जगणाऱ्या माणसाच्या जीवनाविषयी विद्यार्थ्यांना फारसे ऐकायला मिळत नाही. भित्तिपत्रकावर आजही मृत्यूचे चित्र दिसत असेल, तर त्यातून भीतीच पसरते आणि भीतीतून लपवाछपवी वाढते. हा विषय समाजशास्त्र, गृहविज्ञान, रसायनशास्त्र, कायदा व सांख्यिकी अशा अनेक ज्ञानशाखांना स्पर्श करणारा असल्याने बहुविद्याशाखीय प्रकल्पासाठीही तो योग्य आहे.

निष्कर्ष :

१) प्रभावी उपचारांमुळे एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींचे आयुष्य वाढले असून हृदयविकार हा त्यांच्यापुढील प्रमुख धोका झाला आहे.

२) सततचा दाह, काही औषधांचे परिणाम व जीवनशैलीतील घटक यांच्या एकत्रित प्रभावामुळे हा धोका वाढतो.

३) ए.आर.टी. अखंड घेणे हृदयाच्याही हिताचे आहे. उपचार थांबवल्यास धोका वाढतो.

४) तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर यांवर नियंत्रण आणि योग्य रुग्णांना स्टॅटिन देणे हे प्रतिबंधाचे परिणामकारक मार्ग आहेत.

५) उपाय ज्ञात असूनही कलंकाची भीती व दोन आरोग्यव्यवस्थांमधील अंतर यांमुळे ते रुग्णापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत.

उपाययोजना :

१) ए.आर.टी. केंद्रावरील प्रत्येक भेटीत वजन, कमरेचा घेर व रक्तदाब यांची नोंद व्हावी.

२) तंबाखूच्या सर्व स्थानिक प्रकारांची नावे घेऊन चौकशी करावी आणि व्यसनमुक्ती समुपदेशन त्याच ठिकाणी उपलब्ध व्हावे.

३) चाळिशी ओलांडलेल्या रुग्णांच्या बाबतीत स्टॅटिनविषयी डॉक्टरांनी विचार करून रुग्णाशी चर्चा करावी. रुग्णाने मात्र असे औषध स्वतःहून सुरू करू नये.

४) रुग्णाजवळ त्याच्या सर्व औषधांची यादी असावी व ती कोणत्याही नव्या डॉक्टरांना दाखवण्याविषयी त्यास विश्वास द्यावा.

५) महाविद्यालयांनी एड्स दिनाच्या कार्यक्रमांत संसर्गासह निरोगी जगणे व २०१७ च्या कायद्याने दिलेले हक्क या विषयांचा समावेश करावा.

समारोप :

एच.आय.व्ही.विरुद्धच्या लढ्यात शास्त्रज्ञ, डॉक्टर, समुपदेशक व स्वतः रुग्ण यांनी मिळवलेले यश असामान्य आहे. या यशाचे मोजमाप आजवर रक्तातील विषाणूच्या संख्येवर झाले. यापुढे ते त्या व्यक्तीला किती निरोगी वर्षे लाभली, यावर व्हावयास हवे. त्यासाठी लागणारी साधने फार महाग नाहीत. रक्तदाबाचे यंत्र, मोजपट्टी, एक गोळी आणि न लाजता विचारलेले चार प्रश्न एवढ्यांनी पुष्कळ काही साधता येते. विषाणूच्या तावडीतून सोडवून आणलेला माणूस हृदयविकाराच्या स्वाधीन होऊ न देणे, हे आरोग्यव्यवस्थेचे आणि तिला मनुष्यबळ पुरवणाऱ्या शिक्षणव्यवस्थेचे समान दायित्व होय.